बी पेशी भरपूर, तरी आयजीजी नाही: मग दोष टी पेशीत कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीचा मुलगा, वय दीड वर्ष, दोनदा न्यूमोनिया होऊन गेला. रक्ततपासणीत बी पेशींची संख्या नॉर्मल, आयजीएम वाढलेलं, आयजीजी आणि आयजीए जवळजवळ नाहीच (हे तिन्ही अँटिबॉडीचे प्रकार; बी आणि टी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती). डॉक्टरांनी ‘हायपर आयजीएम’ असं नाव सांगितलं आणि दोष बहुधा टी पेशींत असावा असंही म्हणाले. यावर मामांनी विचारलंय: अँटिबॉडी तर बी पेशी बनवतात. त्या मोजून पुरेशा आहेत, आयजीएम बनतंय म्हणजे कामही चालू आहे. मग यात टी पेशी आल्या कुठून? आणि बी पेशीला जंतू स्वतःहून ओळखता येतो, तर तिला दुसऱ्या कुणाची परवानगी लागतेच कशाला?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष असलेली मुलं बरीच वर्षं बघतोय. मामांची शंका अगदी रास्त आहे. डॉक्टरांनाही ती बरीच वर्षं छळत होती. हा आजार बी पेशींचाच आहे असं १९८०च्या दशकापर्यंत पुष्कळ जण मानत होते आणि त्यांचा तर्क हाच होता: जी पेशी माल बनवते, तिच्यातच बिघाड असणार. त्याकडे नंतर येतो.

आधी प्रश्न नीट मांडू, कारण यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पहिला म्हणजे, बी पेशीला टी पेशीची गरज का? दुसरा त्याहून अवघड आहे आणि मामांनी तो थेट विचारला नसला तरी खरी मेख तिथेच आहे: बी पेशी जंतूचा बाहेरचा आकार ओळखते, टी पेशीला तसा आकार दिसतच नाही, तिला फक्त प्रथिनाचे छोटे तुकडे कळतात. मग आपण दोघी एकाच शत्रूबद्दल बोलतोय हे त्यांना समजतं कसं? याचं उत्तर हाती आलं की भाच्याचा रिपोर्ट वाचता येतो, आणि बाळांना पेंटाव्हॅलंट लस का चालते तेही कळतं.

बी पेशी एकटीने काय करू शकते ते पाहू. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर तिची स्वतःची, एकाच प्रकारची ग्राहकं (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक आकार पकडणारे रेणू) असतात, साधारण लाखभर. त्यांत बसणारा आकार समोर आला की ती जागी होते. न्यूमोकोकससारख्या जंतूंवर लांबलचक शर्करेचं आवरण असतं, त्यात तोच तोच आकार शेकडो वेळा येतो. अशी साखळी एकाच वेळी बी पेशीच्या पुष्कळ ग्राहकांना खेचते आणि तो धक्का इतका जोरदार असतो की टी पेशीशिवायही अँटिबॉडी सुरू होते. पण ती मुख्यतः आयजीएम असते आणि त्या अनुभवाची स्मृती फारशी राहत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत तर हा मार्ग जेमतेम चालतो. न्यूमोकोकसची नुसत्या शर्करेची २३ प्रकारांची लस दोन वर्षांखाली देत नाहीत ती म्हणूनच.

आयजीएम वाईट नाही. पाच एकके एकत्र जोडलेली, दहा हात असलेली ही अँटिबॉडी आहे. एकेका हाताची पकड ढिली असली तरी दहा मिळून घट्ट धरतात. संसर्गाच्या पहिल्या आठवड्यात हीच धावून येते. पण ती आकाराने मोठी, रक्तातच जास्त राहते, ऊतींमध्ये फारशी शिरत नाही आणि पाचेक दिवसांत निम्मी होते. आयजीजी निम्मी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, ती ऊतींत पोहोचते, नाळेतून बाळातही जाते. आईकडून आलेल्या याच आयजीजीवर बाळ पहिले पाच-सहा महिने निभावून नेतं. म्हणूनच अशा मुलांची दुखणी बहुतेक वेळा सहा महिन्यांनंतर सुरू होतात. ‘आधी अगदी गुटगुटीत होता हो’ हे वाक्य मला आईवडिलांकडून इतक्या वेळा ऐकायला मिळतं की आजाराच्या इतिहासात मी ते मुद्दाम विचारतो.

तर आयजीएमवरून आयजीजीवर जायला टी पेशी लागते. पण बी पेशीला टी पेशीची मदत लागते हे मुळात कळलं कसं? १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला हेन्री क्लेमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा करून त्यांची प्रतिकारशक्ती पुसून टाकली. मग काहींना थायमसच्या पेशी दिल्या (छातीतल्या या ग्रंथीत टी पेशी तयार होतात), काहींना अस्थिमज्जेच्या (बी पेशी तिथल्या), आणि काहींना दोन्ही. सगळ्यांना मेंढीच्या लाल रक्तपेशी टोचल्या. एकेकट्या पेशींनी फार थोडा प्रतिसाद दिला. दोन्ही मिळून मात्र दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रॅहॅम मिचेल आणि जॅक मिलर यांनी दाखवलं की प्रत्यक्ष अँटिबॉडी काढणाऱ्या पेशी मज्जेतून आलेल्या असतात. थायमसमधून आलेल्या पेशी अँटिबॉडीचा एक रेणूही बनवत नाहीत, पण त्या नसल्या तर मज्जेच्या पेशी गप्प बसतात. मामांच्या पहिल्या शंकेचं हे सगळ्यात जुनं उत्तर.

आता ती मेख. ब्रिटनमध्ये एव्हरियन मिचिसन यांनी उंदरांना एक छोटा रासायनिक रेणू प्रथिनाला जोडून टोचला. असा छोटा रेणू एकटा दिला तर त्याविरुद्ध अँटिबॉडी होत नाही, प्रथिनाला चिकटवून दिला की होते, हे आधीपासून माहीत होतं. मिचिसननी पुढचा प्रश्न विचारला: दुसऱ्या वेळी तोच रेणू वेगळ्याच प्रथिनाला जोडून दिला तर? प्रतिसाद मंदावला. पण त्या नव्या प्रथिनाची ओळख असलेल्या टी पेशी दुसऱ्या उंदराकडून आणून दिल्या की प्रतिसाद परत आला. अट एकच: रेणू आणि प्रथिन प्रत्यक्ष एकमेकांना जोडलेले हवेत. वेगवेगळे टोचले तर उपयोग नाही.

म्हणजे बी आणि टी पेशींनी एकच आकार ओळखायची गरज नाही. त्या जे ओळखतात ते एकाच वस्तूचे भाग असले म्हणजे झालं. का, ते १९८५ मध्ये अँतोनियो लान्झाव्हेकिया यांच्या कामातून स्पष्ट झालं. धनुर्वाताचं निष्क्रिय विष ओळखणाऱ्या माणसाच्या बी पेशी ते आपल्या ग्राहकाने पकडतात, गिळतात, आत त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे एचएलए वर्ग २ च्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडतात. ग्राहकामुळे त्यांना हे इतर पेशींच्या मानाने फारच कमी विषातही जमतं. टी पेशी येऊन तपासते ते हे तुकडे. बी पेशीने बाहेरून काय धरलं होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. आत काय गेलं तेवढंच तिला कळतं.

सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात, तसंच हे. दुसरी सही करणाऱ्याने वस्तू पाहिलेली नसते, तो फक्त बिल बघतो. पण बिल त्याच वस्तूचं असायला हवं. इथे ती खात्री आपोआप होते, कारण बी पेशीजवळ दाखवायला तेच असतं जे तिने स्वतःच्या ग्राहकाने धरून गिळलं.

ही भेट होते लिम्फ नोडमध्ये (मानेत, काखेत हाताला लागतात त्या गाठींत) किंवा प्लीहेत. तिथे बी पेशींचे आणि टी पेशींचे वेगवेगळे भाग असतात. टी पेशीला आधी डेंड्रायटिक पेशीने (जंतूचे तुकडे आणून दाखवणाऱ्या पेशीने) तोच तुकडा दाखवून तयार केलेलं असतं, मग ती बी पेशींच्या दिशेने सरकते. अँटिजेन (ज्याला ती ओळखते तो जंतूचा भाग) गिळलेली बी पेशी टी पेशींच्या दिशेने येते. दोघी सीमेवर भेटतात. एकमेकींना शोधायला त्यांना फार वेळ लागतो असं वाटेल, पण दोघींनीही आपल्या पृष्ठभागावरचे वास घेणारे रेणू बदललेले असतात, त्यामुळे दोघी नेमक्या त्या पट्ट्याकडे ओढल्या जातात.

भेट झाली, तुकडा ओळखीचा निघाला, की टी पेशीच्या पृष्ठभागावर काही तासांपुरता एक रेणू येतो: सीडी४० लिगँड. बी पेशीवर त्याचा जोडीदार सीडी४० आधीपासून असतो. हे दोन जुळणं म्हणजेच तुम्ही म्हणता ती परवानगी. सोबत टी पेशी इंटरल्यूकिन २१, इंटरल्यूकिन ४ असे रेणू सोडते, तेही स्पर्श झालेल्या बाजूलाच. शेजारून जाणाऱ्या भलत्याच बी पेशीला त्यातलं फारसं मिळू नये अशी ही व्यवस्था आहे. कुठला रेणू जास्त मिळाला यावरून पुढे कुठली अँटिबॉडी होणार तेही बरंच ठरतं. इंटरल्यूकिन ४ चा जोर असेल तर ॲलर्जीतली आयजीई होऊ शकते, आतड्याच्या आसपास टीजीएफ बीटा हा असाच दुसरा रेणू असेल तर आयजीएकडे कल.

सीडी४०चा संदेश बी पेशीत पोहोचल्यावर होणाऱ्या गोष्टींपैकी इथे महत्त्वाचं काय, तर एआयडी नावाचं एन्झाइम चालू होतं. जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये हे शोधलं. ते डीएनएमधल्या सायटोसिनचं युरॅसिल करतं. पेशीची दुरुस्तीयंत्रणा ती चूक निस्तरायला धावते आणि त्या गडबडीतून दोन परिणाम साधले जातात. एक, अँटिबॉडीच्या जनुकातला आयजीएमचा भाग कापून निघून जातो आणि आयजीजी, आयजीए किंवा आयजीईचा भाग पुढे येतो. जंतू धरणारं टोक तेच राहतं, शेपूट बदलतं. दोन, जंतू धरणाऱ्या टोकाच्या जनुकातही बदल होत राहतात, दर विभाजनाला साधारण हजार अक्षरांमागे एक. शरीरातल्या इतर जनुकांत बदल होण्याचा जो वेग असतो, त्याच्या हा जवळपास दहा लाख पट आहे.

इथे थोडं थांबतो, कारण मामांच्या ‘परवानगी कशाला’ या प्रश्नाचं खरं उत्तर या दुसऱ्या परिणामात आहे. पाठ्यपुस्तकांत वर्गबदलाला, म्हणजे पहिल्या परिणामाला, जास्त जागा मिळते, माझ्या मते कळीची गोष्ट हीच.

स्वतःच्या जनुकात जाणूनबुजून चुका करणारी पेशी शरीराला धोक्याची असते. बहुतेक चुकांनी पकड बिघडते. थोड्यांनी सुधारते. आणि काही चुकांनी ती अँटिबॉडी शरीराच्याच एखाद्या प्रथिनाला धरू लागेल हीही शक्यता आहे. म्हणून हे सगळं चालतं लिम्फ नोडमधल्या एका खास जागेत, तिला जर्मिनल सेंटर म्हणतात. तिच्या एका भागात बी पेशी वेगाने विभागतात आणि बदलतात. मग त्या दुसऱ्या भागात येतात, तिथे जंतूचं मूळ अँटिजेन विशिष्ट पेशींच्या फांद्यांवर अडकवून ठेवलेलं असतं. जिची पकड सुधारली, ती ते जास्त ओढून घेते, जास्त तुकडे मांडते, आणि तिथे फिरणाऱ्या मोजक्या टी पेशींकडून तिला मदत मिळते. मग ती परत पहिल्या भागात जाते, पुन्हा विभागते, पुन्हा बदलते. जिला मदत मिळाली नाही ती मरते, तेही लवकर. हे आठवडे न आठवडे चालतं. लसीनंतर महिन्याने तपासलेली अँटिबॉडी पहिल्या आठवड्यातल्यापेक्षा जास्त घट्ट धरते ती यामुळे.

आता समजा, एका बी पेशीची पकड बदलून ती शरीराच्या प्रथिनाला चिकटू लागली आणि जंतूला सोडू लागली. ती गिळणार शरीराचंच प्रथिन, मांडणार त्याचेच तुकडे. ते तुकडे ओळखणाऱ्या टी पेशी बहुतांशी थायमसमध्येच काढून टाकलेल्या असतात. तिला मदत कुणी देत नाही. बी पेशीला चुका करायची मोकळीक आहे ती यामुळेच, की टी पेशी आपल्या ग्राहकात असे बदल करत नाही. दोघीही बदलत्या असत्या तर ताळा उरलाच नसता. आणि एकदा शिक्का मारून मोकळं, असंही नाही. प्रत्येक फेरीला टी पेशीकडे यावं लागतं.

मग लुपस, संधिवात यांसारखे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार होतात कसे, असं कुणी विचारेलच. ही यंत्रणा भक्कम आहे, अभेद्य नाही. तिच्या फटीचं एक सुंदर उदाहरण सिलिएक आजारात आहे. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या या आजाराची तपासणी आपण करतो ती टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज या शरीराच्याच एन्झाइमविरुद्धच्या अँटिबॉडीची. या एन्झाइमविरुद्धच्या टी पेशी मात्र रुग्णांत सापडत नाहीत, सापडतात ग्लूटेनविरुद्धच्या. सध्या सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण मिचिसनच्या उंदरांचंच आहे. हे एन्झाइम ग्लूटेनच्या तुकड्यांना चिकटतं, एन्झाइम ओळखणारी बी पेशी दोन्ही एकत्र गिळते, ग्लूटेनचे तुकडे मांडते, आणि ग्लूटेनवाली टी पेशी तिला मदत करून मोकळी होते. गहू बंद केला की काही महिन्यांत या अँटिबॉडी उतरतात, कारण मदत आटते. पेशंटला हे सांगितलं की पथ्याचं कारण पटतं, असा माझा अनुभव.

हीच युक्ती आपण लसींत मुद्दाम वापरतो. बाळांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीतला हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूविरुद्धचा) हा घटक म्हणजे जंतूच्या आवरणाची शर्करा, प्रथिनाला, आपल्याकडे सहसा धनुर्वाताच्या निष्क्रिय विषाला, रासायनिक बंधाने जोडलेली. शर्करेचे तुकडे एचएलएवर मांडून टी पेशीची मदत मिळवता येत नाही, म्हणून नुसत्या शर्करेवर ती येत नव्हती. आता शर्करा ओळखणारी बी पेशी प्रथिनही गिळते, त्याचे तुकडे मांडते, धनुर्वातवाली टी पेशी सही करते, आणि अँटिबॉडी होते शर्करेविरुद्ध. दीड महिन्याच्या बाळातही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोकोकसची न्यूमोसिल ही लस याच तत्त्वावर आहे, तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१९ च्या डिसेंबरात मिळाली. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइडची जी लस मोहीम काढून दिली, त्यातही टायफॉइडच्या जंतूची शर्करा धनुर्वाताच्या निष्क्रिय विषाला जोडलेली होती.

आता भाच्याकडे वळू. आतापर्यंतचं एवढंच लक्षात ठेवा: बी पेशी धरते, गिळते, मांडते, टी पेशी सीडी४० लिगँडने हो म्हणते, मग एआयडी चालू होऊन आयजीएमचं आयजीजी होतं. भाच्याच्या बी पेशी पहिल्या तिन्ही पायऱ्या करतायत. आयजीएम बनतंय, किंबहुना पुढे जाता येत नसल्याने तेच साचतंय. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात अडकतं ते चौथ्या पायरीवर: टी पेशींवर सीडी४० लिगँड येतच नाही किंवा आलेला निकामी असतो.

याचा पुरावा मोठा मजेशीर आहे. १९८६ मध्ये लॉइड मेयर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या बी पेशी प्रयोगशाळेत दुसराच आजार असलेल्या एका रुग्णाच्या सक्रिय टी पेशींसोबत वाढवल्या. त्याच बी पेशींनी आयजीजी आणि आयजीए बनवायला सुरुवात केली. त्या कधी बिघडलेल्या नव्हत्याच, त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. १९९३ मध्ये एकाहून अधिक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की या कुटुंबांत सीडी४० लिगँडच्या जनुकात बदल आहेत आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणून हा प्रकार मुलग्यांत दिसतो.

पण ‘हायपर आयजीएम’ हे एका आजाराचं नाव नाही, आणि इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. सीडी४० म्हणजे बी पेशीवरच्या जोडीदारातच दोष असेल तरी रिपोर्ट असाच येतो. एआयडीमध्ये दोष असेल तरीही येतो, आणि तेव्हा मात्र दोष खरोखर बी पेशीत असतो. फरक मला बहुतेक वेळा प्रयोगशाळेआधी टॉर्चने दिसतो. सीडी४० लिगँड नसलेल्या मुलाच्या घशात टॉन्सिल जवळजवळ नसतात, मानेत गाठी लागत नाहीत, कारण जर्मिनल सेंटरच तयार होत नाहीत. एआयडीच्या दोषात ती तयार होतात, उलट फुगतात, म्हणून टॉन्सिल आणि गाठी मोठ्या. नुसत्या टॉर्चवर निदान करता येत नाही, पण कुठली तपासणी आधी पाठवायची ते ठरतं. आणखी एक: आयजीएम सुरुवातीला नॉर्मलही असू शकतं, त्यामुळे नावात ‘हायपर’ आहे म्हणून नॉर्मल आकडा बघून निर्धास्त होऊ नये. आकडे वयाच्या तक्त्याशी ताडून बघायचे, मोठ्यांच्या नव्हे.

दुसरा खुणेचा भाग न्यूमोनियाचा. तुमच्या प्रश्नात तो कुठल्या जंतूचा होता ते नाही, पण डॉक्टरांना जरूर विचारा. सीडी४० फक्त बी पेशींवर नसतं, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर आणि डेंड्रायटिक पेशींवरही असतं. टी पेशी त्याच रेणूने मॅक्रोफेजलाही चेतवते. तो संदेश पोहोचलाच नाही की न्यूमोसिस्टिस या बुरशीसारखे जंतू डोकं वर काढतात, जे फक्त अँटिबॉडी कमी असलेल्या मुलांत सहसा दिसत नाहीत. न्यूमोसिस्टिस सापडला तर शंकेचा काटा टी पेशीकडे जातो, एआयडीकडे नाही. बऱ्याच मुलांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही कमी असतात आणि तोंडात व्रण येतात, तेही पाहिलं पाहिजे.

तपासणीबाबत एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. स्वस्थ बसलेल्या टी पेशीवर सीडी४० लिगँड कुणाच्याच नसतो, तुमच्या-माझ्याही नाही. म्हणून रक्तातल्या टी पेशी आधी रसायनांनी काही तास चेतवतात आणि मग फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींवरचे रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर) पाहतात. त्यासोबत पेशी खरंच चेतल्या का, हे सांगणारी दुसरी खूण पाहायची असते, आणि एका निरोगी माणसाचं रक्तही त्याच प्रवासातून न्यायचं असतं. नमुना शिळा झाला, पेशी चेतल्याच नाहीत, तर रिपोर्ट ‘नाही’ असाच येणार. उलट, काही कुटुंबांत रेणू पृष्ठभागावर दिसतो पण सीडी४० ला चिकटत नाही; तिथे नुसता ‘आहे’ असा रिपोर्ट फसवा असतो. म्हणून शेवटचा शब्द जनुकीय तपासणीचा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेली आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा जन्मजात दोषांचं निदान अनेक वर्षं करते आहे. तुमचे डॉक्टर तिथे नमुना पाठवू शकतात.

उपचारांत हा सगळा तर्क जसाच्या तसा दिसतो. आयजीजी बनत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली आयजीजी शिरेतून देतात. अंतर तेवढंच का, ते वर सांगितलेल्या निम्म्या होण्याच्या काळावरून कळेल. बाहेरून आयजीजी मिळाली, संसर्ग कमी झाले की वाढलेलं आयजीएम पुष्कळदा आपोआप उतरतं. पण आयजीजी देऊन मॅक्रोफेजचा निरोप पोहोचत नाही, म्हणून न्यूमोसिस्टिससाठी कोट्रायमॉक्सॅझोल हे औषध रोज किंवा ठरवून दिलेल्या दिवशी चालू ठेवतात, आणि पाणी उकळून देतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा पाण्यातला जंतू क्लोरीनला दाद देत नाही, आणि या मुलांत तो पित्तमार्गापर्यंत जाऊन यकृत खराब करतो. उकळण्याचा मी फार आग्रह धरतो, घरात फिल्टर असला तरी. बोन मॅरो प्रत्यारोपणाने दात्याच्या टी पेशी मिळतात आणि आजार मुळातून जाऊ शकतो. यकृत आणि फुप्फुसं खराब होण्याआधी केलं तर निकाल चांगले असतात. करायचं की नाही, कधी, कुणाच्या पेशी, हे मुलाला न पाहता कुणीही सांगू नये.

लसींचं काय? जिवंत लसी, विशेषतः तोंडावाटे पोलिओचे थेंब, त्याला आणि घरातल्या इतर लहान मुलांना देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच, पल्स पोलिओचे स्वयंसेवक दारात आले तरी. टोचायची पोलिओ लस हा पर्याय असतो. आयजीजी सुरू झाल्यावर ‘लसीची अँटिबॉडी आली का’ अशी तपासणी करून घेऊ नका. येणारा आकडा रक्तदात्यांचा असेल, भाच्याचा नाही.

राहता राहिलं तुमच्या स्वतःच्या कुटुंबाचं. तुम्ही विचारलं नाही, पण मामा आहात म्हणून सांगतो. सीडी४० लिगँडचा दोष निघाला तर तो आईकडून आलेला असू शकतो किंवा मुलात नव्याने झालेला. बहिणीच्या रक्तात चेतवलेल्या टी पेशी पाहिल्या तर वाहक स्त्रीत साधारणपणे काहींवर लिगँड दिसतो आणि काहींवर नाही. बदल नेमका कळला असेल तर जनुकीय तपासणी जास्त खात्रीची. तुम्हाला एकच एक्स गुणसूत्र आहे आणि तुम्ही निरोगी आहात, म्हणजे हा बदल तुमच्याकडे नाही, तुमच्या मुलांना त्याचा धोका नाही. पण तुम्हाला आणखी बहिणी असतील तर त्या वाहक असू शकतात, स्वतःला काही त्रास नसतानाही. त्यांच्यापैकी कुणाला दिवस गेले असतील किंवा घरात नुकताच मुलगा झाला असेल, तर भाच्याचा जनुकीय रिपोर्ट हातात आल्या आल्या तो घेऊन त्यांना समुपदेशनासाठी पाठवा. पहिला न्यूमोनिया व्हायच्या आधी निदान झालेलं मूल आणि नंतर झालेलं मूल, यांच्या फुप्फुसांत पुढे बराच फरक दिसतो.